चीर

दादा घडवलेलं भांडं पालथं धरायचे,
पेराने टक् करायचे,
आणि तांबट आळीतल्या त्या सगळ्या ठोकाठोकीत
एवढंसं ऐकून सांगायचे : चीर आहे.
दिंडोरी रोडवरच्या ऑफिसात मी तेच करते.
भांडं तेवढं मोठं आहे,
आणि ठोकणारा कोण ते माहीत नाही.

काल पहाटे तीन सतराला सुई दचकली.
सुई कसली, पडद्यावरची रेघच आता,
पण आम्ही सुईच म्हणतो.
आधी बारीक शहारा.
मग सात सेकंदांनी रुंद, आडवा हिसका.
साताला आठाने गुणलं : छप्पन्न किलोमीटर.
कुठल्या दिशेला, ते एकट्या ठाण्याला समजत नाही,
म्हणून तीन ठाणी, तीन वर्तुळं,
आणि ती एकमेकांना शिवली
ती जागा पेठकडची.
कंपास टोचून टोचून तिथला नकाशा
चाळणीसारखा झालाय.
महाले साहेबांनी आकडा विचारला.
दोन पॉइंट आठ.
म्हणजे बातमी होत नाही.

साडेसातला भिवा चौधरींचा फोन :
"बाई, फडताळातल्या ताटल्या बोलल्या."
आणखी काही?
"कुत्रं आधी उठून बसलं. मग ताटल्या."
आधी म्हणजे किती आधी?
ते गप्प. मग म्हणाले, "डोळा लवतो तेवढं."
मी वहीत लिहिलं :
कुत्रं. सुमारे एक सेकंद.

संध्याकाळी दादांनी विचारलं, काय गं झालं?
चाळीस वर्षांच्या हातोडीने कान नेले आहेत,
त्यांना सांगायचं तर हातांनी सांगावं लागतं.
पाठीवर तळवा ठेवून पुढे रेटलं :
ही पहिली लाट.
रेशनच्या रांगेत मागून रेटा येतो ना,
माणूस जागच्या जागी
आणि रेटा खिडकीपाशी.
मग वाळत घालायच्या दोरीचं टोक झटकलं :
ही दुसरी. मागून येते, जास्त हलवते.
पण हिला धरायला घट्ट काहीतरी लागतं.
पाण्यातून जात नाही.
"गंगेतून?"
गंगेतूनही नाही. रेटा जातो, झटका नाही.

म्हणूनच तर कळलं, दादा,
पृथ्वीच्या पोटात वितळलेलं लोखंड आहे.
इकडून निघालेली दुसरी
थेट पलीकडे कधी पोचलीच नाही.
ते बराच वेळ दोरीकडे बघत होते.
"म्हणजे न आलेल्या आवाजावरून ओळखलं.
भांड्याचं तसंच.
चिरेला स्वतःचा आवाज नसतो,
ती पुढचा खाते."

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही.
मागच्या हिवाळ्यात रेघ अशीच शहारली
आणि दुसरीचा पत्ता नाही.
मिनिट. चार मिनिटं. सात.
म्हणजे लांबचं, समुद्रांपलीकडचं.
त्या दहा मिनिटांत मी चहा घेतला,
साखर कमी म्हणून परत टाकली, ढवळली.
दुसरी वाटेत होती,
खडकाच्या आतून, सेकंदाला पाच-सहा किलोमीटर,
आणि जिथून निघाली
तिथे सगळं होऊन गेलं होतं.
मग ती आली. कप हललासुद्धा नाही.
मला वेळ माहीत होती, अंतर माहीत होतं.
नाव एकही नाही.

जेवणं झाल्यावर दादांनी
जुना तांब्या मांडीवर पालथा घातला,
माझा तळवा त्याच्या बुडावर दाबला.
"मला ऐकू येत नाही आता," म्हणाले,
"पण येतं. डोळे मीट."
खाली कुठेतरी टिचकी मारली.
"सांग, कुठे?"
तीन ठाणी नाहीत, घड्याळ नाही,
तळव्याखाली नुसता थरथरणारा गारवा.
मी बोट ठेवलं.

चुकले.
दोन बोटांनी.